दिडकी

राजीनाम्याचा मसुदा दिवाळीपासून ड्राफ्टमध्ये पडून आहे.
तीन ओळी.
‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढंच चौदा वेळा खोडलं,
चौदा वेळा परत लिहिलं.

आज सव्वीस मार्च.
अलकापुरीतल्या आमच्या ब्रँचमध्ये साडेनऊला एसी बंद होतो,
माणसं चालूच राहतात.
हिरेन एका हातानं गार झालेली सेव-उसळ खातो,
दुसऱ्यानं फोन धरून म्हणतो,
‘काका, खाली पांच दिवस छे.’
झोनल सरांचा मेसेज दर तासाला:
आधी आकडा, मग आमची नावं, उतरत्या क्रमानं.
माझं तिसरं. खालून.

डॉक्टर शिर्के पट्टा सोडत म्हणाले, ताण आहे का काही?
म्हटलं, मार्च आहे.
मागच्या वेळी तुम्ही सप्टेंबर म्हणाला होतात, ते म्हणाले,
आणि गोळी अर्ध्याची अख्खी केली.

हिशेब हाच माझा धंदा, तर तोही केला,
काळ्या घोड्यापाशी गाडी लावून,
उसळीच्या बिलाच्या पाठीवर:
घराचा हप्ता एक्केचाळीस हजार, अजून अकरा वर्षं,
ओजसची फी,
सासऱ्यांचे गुडघे, एक झाला, एक बाकी,
मयूरेशचं उत्पन्न, जे धरायचं की नाही
हे त्यालाही सांगता येत नाही.
शिल्लक: सात महिने.
ही फाइल माझ्या टेबलावर आली असती
तर पाणी विचारून, हसून
मी परत पाठवली असती.

पुलावर माणसं कठड्याला लोंबकळलेली.
विश्वामित्रीत मगर दिसतेय म्हणे.
‘सवारनी एम ज पडी छे, बेन,’ शेंगवाला म्हणाला.
मीही वाकले. चिखल, पिशव्या,
आणि एक लांबट काळोख. ओंडकाही असेल.
सगळे मोबाइलचा उजेड टाकून थांबलेले,
कुणीतरी हलावं म्हणून.

एक रक्कम मी बिलावर लिहिली नाही.

फणसेबाई.
तिसरीत, दांडिया बाजारच्या शाळेत,
बाकावर उभं करून त्यांनी आमच्याकडून दिडकी घोटून घेतली.
सात दिडकी साडेदहा.
अडखळलं की पुन्हा एक दिडकी दीड.
गेल्या वर्षी, एकोणतीस मार्चला,
मी त्यांना वीस वर्षांची पॉलिसी विकली.
वय चौऱ्याहत्तर, म्हणून विमा पुतण्याच्या जिवावर,
हप्ता बाईंच्या पेन्शनीतून.
‘पैसे लागले तर मिळतील ना गं?’
म्हटलं, कधीही.
पाच वर्षं मिळणार नव्हते.
बाईंनी पर्समधून चष्मासुद्धा काढला नाही.
‘तू सांगतेयस ना,’ म्हणाल्या,
आणि मी पेन्सिलीनं केलेल्या प्रत्येक फुलीपाशी
फळ्यावरच्या अक्षरात सही केली.
त्या वर्षी मला काचेचा पिरॅमिड मिळाला.
ओजस त्यातून बल्ब बघतो, भिंतीवर रंग पडतात.

आज सकाळी बाईंचा फोन:
‘दुसरा हप्ता म्हणजे काय गं?
मी समजले, एकदाच भरायचे.’
रागावल्या नाहीत.
रागावणाऱ्यांना काय सांगायचं ते आम्हाला
ट्रेनिंगमध्ये पाठ करून दिलंय.

‘हली!’ मागून कुणीतरी ओरडलं.
मी बघेपर्यंत पाणी सपाट,
आणि दोन माणसं भांडत होती, हलली की नाही यावर.

गाडीत बसून मसुदा उघडला.
‘वैयक्तिक’ खोडलं. ‘कारणास्तव’ राहू दिलं.
त्याच्या आधी जागा ठेवली आहे.
उद्या बँकेआधी बाईंकडे जाईन,
आधी चष्मा लावा म्हणेन,
मग किती बुडाले ते सांगेन, पैशापर्यंत.
त्यानंतर सात महिने पुरतील की नाही,
माहीत नाही.

सीटवर फोन थरथरला. झोनल.
अकरा दिडकी साडेसोळा.
बारा दिडकी अठरा.
तेरा दिडकी…
आठवेना. फोन वाजतोय.
तेरा दिडकी…